मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर ताकद उतरली तेव्हा: प्रतिपिंडांचा अहवाल आणि थांबवून ठेवलेले इंजेक्शन

पार्श्वभूमी

या प्रकरणातील रुग्ण ३४ वर्षांचे संत्रा उत्पादक शेतकरी आहेत. नागपूरच्या पश्चिमेकडे पसरलेल्या संत्र्याच्या पट्ट्यात त्यांचे गाव आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि काही कौटुंबिक तपशील येथे वगळले आहेत. नोव्हेंबरमध्ये आंबिया बहाराची तोड चालू असताना क्रेट भरलेल्या ट्रॉलीवरून ते मानेवर पडले. मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधला सांधा निखळला आणि त्या जागी मज्जारज्जू चेपला गेला. त्यांना नागपूरला आणेपर्यंत संध्याकाळ झाली होती. रात्री एमआरआय झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मज्जारज्जूवरचा दाब काढून मणके प्लेट आणि स्क्रूने स्थिर करण्यात आले.

दुखापतीनंतर ७२ तासांनी केलेल्या तपासणीत त्यांची श्रेणी ‘सी’ ठरली. पाच पायऱ्यांच्या या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘ए’ म्हणजे जखमेखाली संवेदना व हालचाल अगदी गुदद्वारापर्यंत पूर्ण बंद, आणि ‘ई’ म्हणजे तपासणीत कोणतीही कमतरता उरलेली नाही. ‘सी’ श्रेणीत जखमेखाली हालचाल असते, परंतु निम्म्याहून अधिक प्रमुख स्नायूंना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलता येत नाही. अशा रुग्णांकडून सुधारणेची खरी आशा असते, आणि यांच्या बाबतीत ती दिसूही लागली होती. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस डावा गुडघा ते स्वतः सरळ करू शकत होते, मनगटे उचलत होते, टिल्ट टेबलवर (रुग्णाला हळूहळू उभे करणाऱ्या फळीवर) अर्धा तास उभे राहत होते. हातापायांच्या प्रमुख स्नायूंची एकत्रित ताकद १०० पैकी ४६ गुणांवर आली होती. चौथ्या आठवड्यात त्यांना मूत्राशयातील कायमस्वरूपी कॅथेटरसह (लघवीच्या नळीसह) घरी पाठवण्यात आले, कारण घरात तोडीचे दिवस होते, नागपुरात राहण्याचा खर्च वाढत होता आणि फिजिओथेरपी गावाजवळ होईल असे वाटत होते.

सहाव्या आठवड्यातील घसरण

घरी गेल्यावर दहा-बारा दिवसांनी दोन्ही तळहातांत आणि छातीभोवती पट्टा आवळल्यासारखी जळजळ सुरू झाली. रात्री पाय आपोआप आखडून झटके येऊ लागले. जो डावा गुडघा सरळ होत होता तो होईना, आणि पेला धरण्याइतकी आलेली हाताची पकड गेली. अधूनमधून चेहरा लाल होऊन कपाळावर घाम येई आणि डोके ठणके; ताप मात्र कधीच मोजण्यात आला नाही. मिळालेली ताकद हातची जाताना पाहणे हे कुटुंबाला अपघाताच्या दिवसापेक्षाही कठीण गेले, असे त्यांच्या पत्नीने नंतर सांगितले.

ज्या डॉक्टरांना प्रथम दाखवले त्यांनी एमआरआयआधी रक्ताच्या तपासण्या पाठवल्या. त्यांत गँग्लिओसाइड या मज्जातंतूंच्या आवरणातील घटकांविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी होती. तिच्यात ‘जीएम-१’ या घटकाविरुद्धचा निकाल सौम्य पॉझिटिव्ह आला. एएनए ही स्वप्रतिकाराची (ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटण्याची) सर्वसाधारण चाचणीही १:१०० या खालच्या पातळीवर पॉझिटिव्ह होती. अहवालावरून कुटुंबाला असे सांगण्यात आले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जारज्जूला खात आहे, म्हणून पाच दिवस मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे मोठे डोस आणि त्यानंतर रिटुक्सिमॅब द्यावे लागेल. हा सल्ला आणि अहवालांची फाईल घेऊन ते आमच्या पुनर्वसन विभागात आले. थोरले भाऊ पैशांची जुळवाजुळव करून आले होते. पत्नीचे पहिले वाक्य होते, “डॉक्टरसाहेब, इंजेक्शन आजच देऊन टाका ना, पोट्टे लहान आहेत.”

स्वप्रतिकाराबद्दल काय माहीत आहे

दिलेला सल्ला निराधार होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, म्हणून निर्णयाकडे जाण्याआधी त्यामागचे विज्ञान मांडणे आवश्यक आहे.

मज्जारज्जूला मार बसतो तेव्हा पेशी आणि तंतू त्या क्षणी तुटतात, परंतु नुकसान तिथे थांबत नाही. रक्त आणि मज्जारज्जू यांच्यामधला अडसर फुटतो, काही तासांत न्यूट्रोफिल पेशी आत शिरतात, पुढच्या काही दिवसांत रक्तातून आलेल्या भक्षकपेशी जमतात आणि नंतरच्या आठवड्यांत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी (टी-पेशी, आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी) येतात. एरवी पडद्याआड असलेली मायलिनमधील, म्हणजे मज्जातंतूंवरील स्निग्ध वेष्टनातील, प्रथिने आता त्यांच्यासमोर उघडी पडतात. त्यांपैकी ‘मायलिन बेसिक प्रोटीन’ या प्रथिनाला ओळखणाऱ्या टी-पेशी निरोगी माणसातही थोड्या असतात. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर त्या वाढतात, हे उंदीरवर्गीय प्राण्यांत आणि रुग्णांतही दाखवले गेले आहे. म्हणजे स्वतःच्या ऊतींविरुद्धचा प्रतिसाद हा या दुखापतीचा अपेक्षित भाग आहे. खरा वाद तो अपाय करतो की उपकार, यावर आहे.

या वादाच्या दोन्ही बाजूंना भक्कम प्रयोग आहेत. इस्राएलमधील वाइझमन संस्थेत मिखाल श्वार्त्झ यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले की मायलिनविरोधी टी-पेशी टोचल्यास चेंगरलेल्या दृष्टितंतूतील पेशी अधिक प्रमाणात वाचतात, आणि २००० मध्ये मज्जारज्जूच्या दुखापतीतही उंदरांना याचा लाभ होतो असे मांडले. त्यातून ‘संरक्षक स्वप्रतिकार’ ही कल्पना पुढे आली. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात फिलिप पोपोविच यांच्या गटाला उलट चित्र दिसले. ज्या उंदरांमध्ये मायलिनविरोधी टी-पेशी मुद्दाम अधिक ठेवल्या होत्या त्यांची सुधारणा दुखापतीनंतर खालावली, हे त्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केले. २००९ मध्ये त्याच गटाने दाखवले की बी-पेशी नसलेले उंदीर दुखापतीतून अधिक चांगले सावरतात, आणि जखमी उंदरांच्या रक्तातील प्रतिपिंडे निरोगी उंदराच्या मज्जारज्जूत टोचली तर तिथे इजा होऊन पाय लुळे पडतात. रिटुक्सिमॅब हे बी-पेशी नाहीशा करणारे औषध आहे, त्यामुळे ते या आजारात सुचावे यामागे तर्क आहे. मात्र उंदरांमधला हा तर्क माणसांत उपचार म्हणून सिद्ध झालेला नाही. उलट बाजूचा प्रयत्नही माणसांत यशस्वी ठरला नाही: रुग्णाच्याच भक्षकपेशी सक्रिय करून जखमेत सोडण्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले, आणि त्यात फायदा दिसला नाही.

या चित्राची दुसरी अर्धी बाजू मला या रुग्णाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची वाटते, आणि प्रतिपिंडांच्या चर्चेत ती नेमकी निसटते. प्लीहा आणि अॅड्रेनल ग्रंथींकडे जाणारे सिंपथेटिक (आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेचे) तंतू छातीच्या मध्यभागातून आणि त्याखालून निघतात. जखम त्याच्या वर, म्हणजे मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर मेंदूचा या अवयवांवरचा ताबा सुटतो. लिम्फोसाइट घटतात, जंतूंना ओळखणाऱ्या पेशी मंदावतात आणि संसर्ग वाढतात. बर्लिनमधील शारिटे रुग्णालयाच्या गटाने या अवस्थेचा सविस्तर अभ्यास केला आहे. म्हणजे एकाच वेळी शरीर स्वतःच्या मायलिनवर शस्त्र उगारते आणि बाहेरच्या जंतूंपुढे दुबळे पडते. ‘प्रतिकारशक्ती जास्त झाली आहे, ती कमी करा’ हे वाक्य अशा रुग्णाच्या फक्त निम्म्या शरीराला लागू पडते. अमेरिकेतील राष्ट्रीय नोंदींवरून २०१२ आणि २०१७ मध्ये केलेल्या विश्लेषणांत न्यूमोनिया किंवा शस्त्रक्रियेच्या जखमेचा संसर्ग झालेल्या रुग्णांची पुढची सुधारणा कमी राहिली असे दिसले. लघवीचा संसर्ग आणि शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) यांना तोच निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही उतरलेल्या ताकदीमागे संसर्ग आहे का, हा प्रश्न प्रथम विचारण्यास ती माहिती पुरेशी होती.

घसरण खरी आहे का, आणि कशामुळे

पहिला निर्णय साधा होता. शेवटची नोंद ज्या थेरपिस्टने केली होती त्यांच्याकडूनच ताकद पुन्हा मोजून घ्यायची, आणि एकदा सकाळी, एकदा दुपारी. ताठरलेल्या पायाला हालचाल करायला सांगितले तर तो कमजोर भासतो, आणि वेगवेगळ्या तपासणाऱ्यांच्या गुणांत फरक पडतोच. दोन्ही वेळा एकूण ३८ गुण आले. घसरण खरी होती.

त्यानंतर पूर्ण मणक्याचा एमआरआय, डायसह. दुखापतीनंतर मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होऊ शकते. ती साधारणपणे महिन्यांनी किंवा वर्षांनी त्रास देते, पण लवकरही होऊ शकते. क्वचित पहिल्या काही आठवड्यांत सूज जखमेपासून वर वर चढत जाते. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग विसरता येत नाही, आणि शस्त्रक्रियेच्या जागी पू झालेला असू शकतो. यांपैकी काहीही नव्हते. प्लेट जागेवर होती, जखमेचा डाग मूळ जागेपुरता होता, आणि दूरवर कोठेही नव्याने डाय शोषलेला दिसला नाही. सोबत अॅक्वापोरिन-४ आणि मॉग या दोन प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या चाचण्या पाठवल्या, कारण ती सापडली तर मज्जारज्जूचा स्वतंत्र ऑटोइम्यून आजार ठरतो आणि त्यात उपचाराला उशीर करणे घातक असते. जीएम-१ चा सौम्य पॉझिटिव्ह निकाल आणि अॅक्वापोरिन-४ चा निकाल हे एकाच पंगतीत बसणारे नाहीत, हे कुटुंबाला समजावण्यात बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. जीएम-१ विरोधी प्रतिपिंडे जुन्या मज्जारज्जू-दुखापतीच्या रुग्णांत वाढलेली आढळतात. ती मज्जारज्जू मोडल्याची खूण असू शकतात, मोडत असल्याचे कारण असतीलच असे नाही. एएनए १:१०० तर अनेक निरोगी व्यक्तींतही सापडतो.

शेवटी, रुग्णाला कुशीवर वळवून पाहिले. माकडहाडावर चार सेंटिमीटरचा खोल शय्याव्रण होता, वर काळपट मृत त्वचेची खपली आणि खाली पू. संवेदना नसल्याने तो त्यांना दुखला नव्हता, आणि पाठीवर निजलेल्या माणसाला वळवून पाहण्याचे कोणी सांगितले नव्हते. कॅथेटर चार आठवडे बदललेला नव्हता आणि गाळाने निम्मा बंद होता. मूत्राशय तुंबला की रक्तदाब १०० वरून १६० च्या वर जाई. डोके ठणकणे, चेहरा लाल होणे आणि कपाळाचा घाम यांचे कारण तेच होते. मानेच्या किंवा वरच्या छातीच्या दुखापतीत जखमेखालच्या त्रासाची शरीराने दिलेली ही बेसुमार प्रतिक्रिया वेळीच न ओळखल्यास मेंदूत रक्तस्रावापर्यंत जाऊ शकते. रक्तात सीआरपी (दाहाची खूण) बराच वाढलेला होता, अल्ब्युमिन हे प्रथिन २.६ इतके कमी होते, लिम्फोसाइट दर घनमिलीमीटरला ९०० इतकेच होते आणि जीवनसत्त्व बी-१२ कमी होते.

समोरचे पर्याय

स्टेरॉइड ताबडतोब सुरू करावे, हा पहिला पर्याय होता. मज्जारज्जूच्या दुखापतीत मिथाइलप्रेडनिसोलोनचा इतिहास मोठा आहे. १९९० च्या अमेरिकी चाचणीत पहिल्या आठ तासांत दिल्यास लाभ होतो असे दिसल्यावर ते जगभर दिले जाऊ लागले. पुढे संसर्ग आणि रक्तस्राव यांच्या धोक्यामुळे आणि पुराव्यातील त्रुटींमुळे २०१३ मध्ये अमेरिकी न्यूरोसर्जनांच्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्याविरुद्ध सल्ला दिला. आजही मतभेद आहेत, परंतु ते सगळे पहिल्या काही तासांबद्दल आहेत. सहाव्या आठवड्यात, पू असलेल्या व्रणावर, पाच दिवस मोठे डोस देण्याला त्या वादातील कोणत्याही बाजूचा आधार मिळत नव्हता.

दुसरा पर्याय रिटुक्सिमॅब. त्याचा परिणाम महिनोन्‌महिने टिकतो आणि एकदा दिल्यावर परत घेता येत नाही. ते देण्याआधी हिपॅटायटिस बी आणि क्षयरोग यांची तपासणी व्हायला हवी. आणलेल्या फाईलमध्ये ती नव्हती.

तिसरा पर्याय थोरल्या भावांनीच विचारला. दुसऱ्या शहरातील एका केंद्राने दूरध्वनीवर स्टेम सेलचे पॅकेज सांगितले होते. मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी स्टेम सेल हा सिद्ध उपचार नाही, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर तो रुग्णाला विकत देता येत नाही. याबाबत आम्ही स्पष्ट नकार दिला.

चौथा पर्याय म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारे काहीही न देता आधी संसर्ग, मूत्राशय, व्रण आणि पोषण सावरायचे, आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा मोजायचे. याचा धोका उघड होता. खरोखरच ऑटोइम्यून आजार असेल तर थांबलेला प्रत्येक दिवस मज्जारज्जूला महाग पडला असता.

निर्णय आणि त्याची अट

चमूत एकमत नव्हते. न्यूरॉलॉजिस्ट सहकाऱ्यांचे म्हणणे होते की निदान पाठीतून पाणी काढून तपासावे, म्हणजे दाहाच्या पेशी वाढल्या आहेत का ते कळेल. मला ते पटत होते आणि नव्हतेही. दुखापतीनंतर काही आठवडे या द्रवाची प्रथिने बदललेली असतात, त्यामुळे निकाल वाचणे अवघड. आणि सुई टोचण्याच्या जागेपासून जवळच पू असलेला व्रण होता, त्यामुळे जंतू आत नेण्याची भीती. शेवटी ही तपासणी पुढे ढकलली, रद्द केली नाही.

ठरलेला मार्ग चौथा होता, पण त्याला लेखी अटी जोडल्या. मुदत दोन आठवडे. अॅक्वापोरिन-४ किंवा मॉग पॉझिटिव्ह आल्यास, नजर मंदावल्यास, संवेदना हरपण्याची पातळी वर चढल्यास, किंवा संसर्ग आटोक्यात येऊनही ताकद उतरत राहिल्यास एमआरआय पुन्हा करून त्याच दिवशी ऑटोइम्यून उपचाराचा विचार करायचा. या अटी मराठीत एका कागदावर लिहून कुटुंबाला दिल्या. केवळ ‘थांबून पाहू’ असे म्हटले असते तर ते घरच्यांना टाळाटाळ वाटले असते, आणि आमच्यापैकीही कोणी मुदत लांबवली असती.

थोरल्या भावांनी तो कागद दोनदा वाचला आणि त्यांना ते आपल्या भाषेत पटले. संत्र्याची पाने पिवळी पडली म्हणून लगेच वरून फवारणी करत नाहीत, आधी आळे उकरून मुळे पाहतात आणि खोडावर डिंक्या आहे का ते तपासतात, असे ते म्हणाले. रुग्णाच्या पत्नीला मात्र तेवढ्याने धीर आला नाही, आणि तिची भीती चुकीची नव्हती.

प्रत्यक्ष उपचार

कॅथेटर बदलला आणि नव्या कॅथेटरमधून लघवीचा नमुना घेतला. जुन्या नळीतला नमुना नळीवर वाढलेले जंतू दाखवतो. दीर्घकाळ नळी असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतातच, आणि लक्षणे नसतील तर त्यांवर अँटिबायोटिक देऊ नये. येथे वाढलेला ताठरपणा, घाम आणि सीआरपी यांमुळे तो संसर्ग मानला आणि कल्चरनुसार दहा दिवस औषध दिले. शल्यचिकित्सकांनी व्रणातील मृत भाग काढला. एअर बेड आला, दिवसा-रात्री दर दोन तासांनी कूस बदलण्याचा तक्ता भिंतीवर लागला, आणि तो पाळला जातो की नाही हे परिचारिका पाहत होत्या. ताठरपणासाठी बॅक्लोफेन हळूहळू वाढवले, जळजळीसाठी प्रेगाबॅलिन सुरू केले, बी-१२ ची इंजेक्शने दिली. आहारात डाळ, अंडी, दूध आणि शेंगदाणे वाढवले. घर माळकरी असल्याने अंड्यांना सुरुवातीला नकार होता, तेव्हा पनीर आणि सोयाबीनवर भर दिला.

सर्वांत कठीण भाग मूत्राशयाचा होता. कायमची नळी काढून दर चार तासांनी स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामा करायचा, ही पद्धत संसर्गाच्या दृष्टीने बरी. पण यांच्या बोटांत तेवढी पकड नव्हती, म्हणजे ते दुसऱ्या कोणाला करावे लागणार. थोरल्या भावांनी तयारी दाखवली, मात्र रुग्णालाच ते नको होते. तीन दिवस ही गोष्ट अडून राहिली. शेवटी पत्नीने वॉर्डातील परिचारिकेकडून शिकून घेतले, आणि पडदा लावून, बाकीच्यांना बाहेर पाठवून करायचे असे दोघांमध्ये ठरले. दुपारचा एक फेरा भावाच्या पत्नीने शेतावरून येऊन सांभाळायचा, असेही सुचवले गेले होते. ते दोघांनी नाकारले आणि त्या वेळेच्या आसपास पाणी कमी प्यायचे ठरवले. कागदावर ‘चार तासांनी’ लिहिणे सोपे असते. घरात ते कोणी, कोठे आणि कोणासमोर करायचे हे ठरल्याशिवाय ते होत नाही.

अॅक्वापोरिन-४ आणि मॉग दोन्ही निगेटिव्ह आले. नवव्या दिवशी झटके कमी झाले आणि फिजिओथेरपी पूर्ववत सुरू झाली.

परिणाम

दोन आठवड्यांच्या मुदतीअखेर गुण ३८ वरून ४३ झाले, म्हणून ऑटोइम्यून उपचाराचा दरवाजा उघडण्याची वेळ आली नाही. आणखी आठवड्याने ते ४७ झाले आणि डावा गुडघा पुन्हा सरळ होऊ लागला. मे महिन्यात, म्हणजे दुखापतीनंतर सहा महिन्यांनी, ते ‘सी’ च्या वरच्या ‘डी’ श्रेणीत पोहोचले होते. वॉकर आणि उजव्या पायाला स्प्लिंट लावून घरातल्या घरात चालतात, चमचा धरून स्वतः जेवतात. व्रण भरायला साडेतीन महिने लागले. मूत्राशय अजूनही नळीनेच रिकामा करावा लागतो, फरक इतकाच की आता ते बऱ्याचदा स्वतः करतात.

जळजळ गेली नाही. ती दहापैकी आठवरून पाचवर आली आणि तिथेच थांबली आहे. येथे प्रतिपिंडांचा प्रश्न खरा उरतो. जीएफएपी आणि सीआरएमपी-२ या मज्जासंस्थेतील प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर मज्जातंतूंच्या वेदना होणाऱ्या रुग्णांत आढळल्याचे अमेरिकेतील अभ्यास आहेत. या रुग्णाच्या वेदनेमागे तसे काही असू शकते. त्या चाचण्या आम्ही केल्या नाहीत, कारण निकाल काहीही आला तरी आज त्यावरून उपचार बदलण्याइतका पुरावा नाही.

चौथ्या महिन्यात कुटुंबाने धंतोलीतील एका प्रयोगशाळेतून जीएम-१ ची चाचणी स्वतःहून पुन्हा करून घेतली. ती तशीच सौम्य पॉझिटिव्ह होती, आणि त्याच आठवड्यात पायाची ताकद वाढलेली होती. यावरून ती प्रतिपिंडे निरुपद्रवी ठरत नाहीत. ती नसती तर सुधारणा आणखी झाली असती का, हे एका रुग्णावरून सांगता येणार नाही. त्याचप्रमाणे ताकद परत येण्यात संसर्ग आवरल्याचा वाटा किती, बी-१२ चा किती आणि बॅक्लोफेनने ताठरपणा उतरल्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही, कारण सर्व एकाच पंधरवड्यात दिले गेले. मला स्वतःला व्रण आणि मूत्राशय हेच प्रमुख कारण वाटते, कारण पहिली सुधारणा पू निघाल्यानंतरच्या आठवड्यात दिसली. पण हे माझे मत आहे, पुरावा नव्हे.

काय वेगळे करता आले असते

चौथ्या आठवड्यात घरी पाठवण्याचा निर्णय वैद्यकीय नसून परिस्थितीचा होता, आणि तोडीच्या दिवसांत कदाचित दुसरा झालाही नसता. पण कॅथेटर कधी बदलायचा, कूस किती वेळाने बदलायची आणि माकडहाडाची जागा रोज आरशाने किंवा मोबाइलच्या फोटोने कशी पाहायची, हे घरातील एका ठरावीक व्यक्तीला हाताने करून दाखवता आले असते. डिस्चार्जच्या कागदावर ते सर्व छापलेले होते. छापलेले वाचले जाते असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

मानेच्या दुखापतीत लिम्फोसाइटची संख्या पहिल्या आठवड्यापासून नोंदत गेलो असतो तर संसर्गाकडे झुकलेले शरीर आधी ओळखता आले असते. ही तपासणी नेहमीच्या सीबीसीतच असते, तिला वेगळा खर्च नाही. आता आमच्या विभागात मानेच्या आणि वरच्या छातीच्या प्रत्येक रुग्णाच्या तक्त्यात तिचा स्तंभ आहे.

प्रतिपिंडांच्या चाचणीबाबत आमचा नियम असा ठरला आहे: निकाल पॉझिटिव्ह आला तर काय करणार आणि निगेटिव्ह आला तर काय करणार, हे आधी लिहिता येत नसेल तर ती पाठवायची नाही. अॅक्वापोरिन-४ आणि मॉग या कसोटीवर टिकतात. गँग्लिओसाइडची चाचणी या परिस्थितीत टिकत नाही. अर्थात सर्वांनाच हे मान्य नाही. न्यूरॉलॉजिस्ट सहकाऱ्यांचे मत आहे की संशोधनासाठी नमुने साठवून ठेवावेत, कारण अशा नोंदी नसल्यामुळेच आपल्याकडे माणसांतील पुरावा तयार होत नाही. ते बरोबर आहेत, आणि रुग्णाची संमती घेऊन तसे करण्याचा प्रस्ताव नैतिकता समितीकडे गेला आहे. पाठीतील पाणी तपासण्याचा प्रश्न मात्र अनिर्णितच आहे. व्रण नसता तर मी ती तपासणी केली असती. आणि व्रण असतानाही, अॅक्वापोरिन-४ चा निकाल येण्यास आणखी उशीर झाला असता तर कदाचित धोका पत्करला असता.

एक गोष्ट नागपूरच्या हवामानामुळे वेगळी आखावी लागली. मानेच्या दुखापतीत जखमेखाली घाम येत नाही, त्यामुळे उन्हाने शरीर तापले की संसर्गाचा ताप आणि उन्हाचा ताप वेगळे ओळखणे अवघड जाते, आणि मे महिन्यात येथे पारा ४५ च्या आसपास जातो. म्हणून या रुग्णाची फिजिओथेरपी सकाळी साडेसहाला आणि सूर्यास्तानंतर ठेवली. दुपारी कूलरची खोली, ओला पंचा आणि दर तासाला तापमानाची नोंद होते. सावलीत अर्धा तास थांबूनही तापमान १०१ च्या खाली येत नसेल तर तो संसर्ग समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे, असे घरी ठरले आहे. पुढचा एमआरआय दुखापतीला एक वर्ष होईल तेव्हा आहे, मज्जारज्जूतील पोकळीसाठी. त्याआधी ताकद पाच गुणांनी उतरली तर लगेच.